आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर: सुरुवात कुठून करायची?

वकिलीच्या पदवीला आंतरराष्ट्रीय कायदा सक्तीचा आहे. त्यामुळे आवडो न आवडो, एका सत्रात तो समोर येतोच. पहिल्याच तासाला वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "सर, पण हा कायदा मोडला तर पकडणार कोण?" वर्ग हसतो, शिक्षक जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिज्ञाचं नाव घेतात, त्याने या विषयाला कायद्याऐवजी नीतिनियमांच्या रांगेत कसं बसवलं ते सांगतात, आणि मग 'हा खरा कायदा आहे का' या मथळ्याखाली दोन आठवडे जातात.

माझा पहिला सल्ला असा, की सुरुवातीला या प्रश्नात अडकू नका. प्रश्न वाईट नाही, पण तो विचारायला अजून हातात काहीच नसतं. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा आणि सत्र संपताना उत्तर द्या. तोवर एकच छोटा प्रश्न धरून ठेवा: आधार काय? एखाद्या देशाने अमुक करायला हवं होतं, असं वाक्य पुस्तकात, पेपरात किंवा तुमच्याच वहीत दिसलं, की समासात 'आधार?' असं लिहायचं. ते बंधन कुठल्या तहातून आलं? तहात नसेल तर रूढीतून? रूढीतून असेल तर ती कुणी, किती काळ, काय समजून पाळली? अर्ध्याहून अधिक विषय या एका शब्दात मावतो. पहिल्या चाचणीत मला हे कळलं नव्हतं. मी तीन पानं भरून 'जागतिक शांतता' लिहिली आणि त्यात हेगचं न्यायालय युद्धगुन्हेगारांना शिक्षा करतं असंही ठोकून दिलं. हेगमध्ये न्यायालयं एकाहून जास्त आहेत, हे मला गुणपत्रिकेतून समजलं.

तो घोळ आधी मिटवू. आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं, पीस पॅलेसमधलं, १५ न्यायाधीशांचं. तिथे खटला फक्त देश विरुद्ध देश असा चालतो. माणसांवर खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं. ते १९९८च्या रोम करारातून आलं, २००२ मध्ये सुरू झालं आणि भारत त्याचा सदस्य नाही. पीस पॅलेसमध्येच आणखी एक जुनी संस्था आहे, लवादाचं कायम न्यायालय. तिचा उगम १८९९च्या हेग परिषदेत आहे. नावात न्यायालय असलं तरी तिथे कायमचे न्यायाधीश बसलेले नसतात. वाद आला की त्या वादापुरते पंच नेमले जातात. ही तीन नावं वेगवेगळ्या रंगांत लिहून भिंतीवर लावा, पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

आधी मूळ कागद

फौजदारी शिकताना आपण बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, हातात घेतो, मग इथे गाईडपासून सुरुवात का करायची? चार गोष्टींच्या छापील प्रती काढा. संयुक्त राष्ट्रांची सनद, १११ कलमं. तिला जोडलेला न्यायालयाचा कायदा, म्हणजे स्टॅट्यूट, ७० कलमं. तहांविषयीचा १९६९चा व्हिएन्ना करार, ८५ कलमं. आणि राज्य कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराचं पहिलं कलम: कायम लोकसंख्या, ठरावीक भूप्रदेश, शासन, इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. एवढंच, चार ओळी. सगळं मिळून एक पातळ फाइल होते आणि सगळं फुकट मिळतं.

सगळी कलमं वाचायची नाहीत. सनदेतलं २, २५, ५१ आणि १०३. स्टॅट्यूटमधलं ३६, ३८ आणि ५९. व्हिएन्ना करारातलं २६, २७, ३१, ३२ आणि ५३. या बारा कलमांवर पेन्सिलीने खुणा करा आणि महिनाभर बाकीच्यांकडे ढुंकूनही बघू नका.

एक गंमत आत्ताच सांगून ठेवते. भारत या व्हिएन्ना कराराचा पक्षकार नाही. मग तो आपल्याला का शिकवतात? कारण त्यातले कित्येक नियम रूढी म्हणूनही मान्य झाले आहेत, आणि रूढी सही न करणाऱ्यालाही लागू होते. 'आधार?' हा शब्द समासात लिहायची सवय इथेच उपयोगी पडते. "व्हिएन्ना कराराच्या ३१व्या कलमानुसार भारत बांधील आहे" हे वाक्य चूक. "३१व्या कलमात नमूद असलेल्या रूढीनुसार" हे बरोबर. परीक्षक या दोन वाक्यांमधला फरक बघतो.

कलम ३८, आणि दादरा-नगर हवेलीची वहिवाट

स्टॅट्यूटचं कलम ३८ म्हणजे न्यायालयाने निर्णय कशाच्या आधारे द्यायचा याची यादी. तह, कायदा म्हणून स्वीकारलेली प्रथा, म्हणजे रूढी, सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं ('सुसंस्कृत' या शब्दावर आज लोक नाक मुरडतात, आणि ते योग्यच आहे), आणि दुय्यम साधन म्हणून न्यायनिर्णय व विद्वानांचं लेखन. यादी पाठ करायला दहा मिनिटं लागतात. अवघड आहे ती रूढी, आणि सगळेजण तिथेच घसरतात.

रूढीला दोन पाय. एक, देशांचं सातत्याचं वागणं. दोन, 'असं वागणं आपल्यावर बंधनकारक आहे' ही जाणीव, जिला ओपिनिओ ज्युरिस म्हणतात. पुस्तकं इथे उत्तर समुद्राच्या सागरतळाचा १९६९चा निकाल देतात. तो महत्त्वाचा आहेच, पण पहिल्यांदा समजून घ्यायला मी दुसरा सुचवेन, कारण त्याची अर्धी सामग्री आपल्या घरची आहे: पोर्तुगाल विरुद्ध भारत, 'भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क', अंतिम निकाल १२ एप्रिल १९६०.

हकिकत थोडक्यात अशी. दमण किनाऱ्यावर, दादरा आणि नगर हवेली आत, चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेली. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली पोर्तुगीज सत्ता उलथवली. त्यात महाराष्ट्रातून गेलेली माणसं होती, गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. भारताने पोर्तुगीजांना दमणहून तिकडे जायला वाट दिली नाही. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला न्यायालयाचा अधिकार मानत असल्याचं घोषणापत्र दिलं आणि २२ तारखेला भारताविरुद्ध खटला दाखल केला. तीन दिवसांत! भारताने या घाईवर आक्षेप घेतला, तो १९५७ मध्ये फेटाळला गेला. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला.

पोर्तुगालचं म्हणणं होतं, की मराठ्यांनी १७७९च्या तहाने आणि १७८३ व १७८५च्या सनदांनी ही गावं आम्हाला सार्वभौम हक्काने दिली. भारताचं म्हणणं, दिला तो फक्त महसूल. म्हणजे हेगच्या न्यायाधीशांना पेशवाईतल्या कागदांचा अर्थ लावावा लागला. त्यांचा निष्कर्ष: हे जहागिरीचं किंवा सरंजामाचं दान होतं, वर्षाला बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचं, सार्वभौमत्व मराठ्यांकडेच राहिलं. सरंजाम म्हणजे काय हे परदेशी विद्यार्थ्याला तळटीपेतून समजून घ्यावं लागतं. आपल्याला शाळेच्या इतिहासातच भेटलेलं असतं. पुढे इंग्रज आले, त्यांनी मात्र पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व वागण्यातून मान्य केलं.

मग रूढी. गावाकडे शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेचं भांडण कुणी पाहिलं असेल तर पुढचं सगळं आपोआप समजेल. शेजारी तीस वर्षं तुमच्या बांधावरून बैलगाडी नेतो, कुणाला विचारत नाही, तुम्हीही अडवत नाही: ही वहिवाट. पण तोच शेजारी ऊसतोडीच्या वेळी ट्रक आणायचा असला की दर वर्षी येऊन विचारतो, "अण्णा, दोन दिवस ट्रक काढू का?" आणि तुम्ही हो म्हणता. आता एका वर्षी तुम्ही नाही म्हणालात, तर ट्रकसाठी तो वहिवाटीचा हक्क सांगू शकेल का? नाही. परवानगी घेऊन केलेल्या गोष्टीतून हक्क तयार होत नाही.

न्यायालयाने नेमकं हेच केलं. सव्वाशे वर्षांची ये-जा तपासली. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल हे विनाअडथळा जात होते आणि दोन्ही बाजू ते हक्क म्हणूनच धरत होत्या. तिथे रूढी सिद्ध झाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा मात्र परवानगीनेच जात असे. तिथे हक्क नाही. हा दुसरा भाग ८ विरुद्ध ७ मतांनी ठरला. आणि १९५४ मध्ये त्या भागात तणाव असल्यामुळे वाट रोखण्यात भारताने नियमन करण्याच्या अधिकाराबाहेर काही केलं नाही, असंही ठरलं. दोनच देशांमध्ये रूढी असू शकते का, या प्रश्नाला न्यायालय म्हणालं, का नसावी?

वागणं दोन्हीकडे सारखंच होतं, माणसं वाटेने जात होती. फरक होता तो जाणिवेचा. ओपिनिओ ज्युरिसवर यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, आणि गाईडांमध्ये त्याला दीड ओळ मिळते.

निकाल वाचायचा कसा

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल लांब असतात आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतले की चौथ्या पानावर झोप लागते, कारण सुरुवातीला कुणी कधी कोणता अर्ज दिला याचीच जंत्री असते. उलटं वाचा. आधी शेवटचा परिच्छेद, जिथे 'या कारणांस्तव न्यायालय' अशी सुरुवात होऊन मतांसह आदेश येतात. मग मागे येत विचारा: अधिकारक्षेत्र कुठून आलं, अर्ज ऐकण्याजोगा होता का, मूळ मुद्द्यावर काय ठरलं, उपाय काय दिला. निकाल जवळजवळ नेहमी याच चार खोल्यांत विभागलेला असतो.

सरावासाठी भारत विरुद्ध पाकिस्तान, जाधव प्रकरण, १७ जुलै २०१९ घ्या: पाकिस्तानात हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांचं. सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेलं, त्यामुळे बातमी आणि निकाल यांच्यातलं अंतर लगेच दिसतं.

पहिली खोली, अधिकारक्षेत्र. न्यायालय स्वतःहून कुणाला बोलावू शकत नाही. दोन्ही देशांची संमती कुठेतरी हवीच. भारत-पाकिस्तान वादात ही अडचण खरी असते. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं गेलं, पाकिस्तान हेगला गेला आणि जून २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्रच नाही म्हणून खटला बंद केला. राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद भारताने आपल्या घोषणापत्रातून वगळले होते. मग जाधव प्रकरण तिथे पोचलं कसं? वाणिज्यदूतीय संबंधांच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराला एक वैकल्पिक प्रोटोकॉल आहे: या कराराच्या अर्थाविषयी वाद झाला तर न्यायालयात जाता येईल. दोन्ही देशांनी तो मान्य केलेला होता. भारत त्या अरुंद दारातून आत गेला. त्यामुळे भांडणही त्या करारापुरतंच राहिलं. मानवी हक्कांच्या इतर करारांचा भंग झाला म्हणून वेगळा निर्णय मिळाला नाही. दार कोणतं यावर आत किती फिरता येईल हे ठरतं. हे लक्षात आलं की अर्धे निकाल सोपे होतात.

मूळ मुद्दा या वाणिज्यदूतीय कराराच्या कलम ३६चा (स्टॅट्यूटचं ३६ वेगळं). परदेशी माणसाला अटक केली तर त्याला त्याचे हक्क सांगायचे, त्याच्या देशाला विनाविलंब कळवायचं, आणि वाणिज्यदूताला भेटू द्यायचं, म्हणजे पेपरवाले ज्याला कॉन्सुलर अ‍ॅक्सेस म्हणतात ते. पाकिस्तानचा बचाव होता, की हेरगिरीच्या आरोपाला हे लागूच नाही, आणि दोन्ही देशांमधला २००८चा करार सुरक्षेच्या प्रकरणांत सूट देतो. दोन्ही फेटाळले गेले. इथेच न्यायालयाने मघाच्या, तहांविषयीच्या व्हिएन्ना करारातल्या ३१ आणि ३२ या कलमांतले अर्थ लावण्याचे नियम रूढी म्हणून लावले. आता फाइल उघडा आणि ती कलमं शेजारी ठेवून तो भाग वाचा.

शेवटची खोली, उपाय. शिक्षा रद्द करा, सुटका करा, अशी भारताची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मिळालं ते प्रभावी पुनरावलोकन आणि फेरविचार, आणि तोवर फाशीला स्थगिती. त्या संध्याकाळी दोन्ही देशांतल्या वाहिन्यांवर विजय साजरा होत होता. तुम्ही एका कागदावर दोन रकाने करा: काय मागितलं, काय मिळालं. प्रत्येक निकालासाठी हा कागद करायचा. माझ्याकडे असे जेमतेम चौदा होते आणि परीक्षेला तेवढे पुरले.

सावरकरांची उडी आणि तिच्या नंतरचं

८ जुलै १९१०, मार्सेय बंदर, मोरिया बोट. उडीपर्यंतची गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही येते. विद्यार्थ्याने पुढची शिकायची. फ्रेंच पोलिसाने किनाऱ्यावर पकडून सावरकरांना बोटीवरच्या ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्सची तक्रार: आमच्या भूमीवर पाय ठेवलेला माणूस तुम्ही प्रत्यर्पणाच्या प्रक्रियेशिवाय नेलात, परत द्या. वाद हेगच्या लवादाकडे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ला पाच पंचांनी निवाडा दिला: हवाली करण्यात अनियमितता झाली, पण बळजोरी किंवा फसवणूक नव्हती, परक्या देशाच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे ताब्यात आलेला कैदी परत करावाच, असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही.

भावना बाजूला ठेवून हा निवाडा वाचणं मराठी माणसाला जड जातं, मलाही गेलं. पण शिकण्यासाठी तो सोन्यासारखा आहे. वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात आहे. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो माणूस पक्षकार नाही आणि त्याच्या स्वतःच्या हक्काबद्दल कुणी बोलतही नाही. भंग झालाच असेल तर तो फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. आता याच्या शेजारी जाधव प्रकरण ठेवा. तिथेही पक्षकार दोन देशच आहेत, पण कलम ३६ अटकेतल्या माणसालाही हक्क देतं, हे आता मान्य झालेलं आहे. २००१च्या लाग्रांद (जर्मनी विरुद्ध अमेरिका) निकालापासून ते ठामपणे सांगितलं जातं. 'आंतरराष्ट्रीय कायद्यातील व्यक्तीचं स्थान' हा ठरलेला प्रश्न आला, तर या दोन प्रकरणांमधलं शतकभराचं अंतर लिहा. साच्यातल्या दहा उत्तरांमध्ये ते उठून दिसेल.

आणखी एक निरीक्षण: पंचांनी 'नियम नाही' म्हटल्यावर ब्रिटनचं फावलं. नियम नसेल तर देश मोकळा, की नियम नसेल तर देशाला हक्कच नाही? हाच प्रश्न १९२७च्या लोटस निकालात (आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधीच्या न्यायालयाच्या) समोरासमोर आला. फ्रेंच आणि तुर्की जहाजांची खुल्या समुद्रात टक्कर, आठ तुर्की माणसं गेली, तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. न्यायाधीश सहा-सहा असे विभागले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकला: मनाई दाखवा, नाहीतर देश मोकळा. टक्करीबाबतचा तो नियम पुढे समुद्रविषयक करारांनी फिरवला, पण विचारपद्धतीवरचं भांडण अजून चालू आहे. लोटस पाठ करण्याआधी सावरकर निवाडा वाचा, मग लोटस कोरडा वाटत नाही.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून आलेल्यांना हा विषय दुप्पट जड वाटतो. एक इंग्रजी, वर लॅटिन. पण खरं सांगू का, यातल्या बऱ्याच कल्पनांना आपल्याकडे जुने, वापरून गुळगुळीत झालेले शब्द आहेत. तह हा शब्द घ्या. सालबाईचा तह, वसईचा तह आपण सहावी-सातवीपासून ऐकतो. पेशव्यांच्या काळात वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, परक्या दरबारातला प्रतिनिधी. वहिवाट आपण मघाशीच पाहिली. वहीत तीन रकाने करा: इंग्रजी किंवा लॅटिन संज्ञा, मराठी शब्द, आणि एक प्रकरण. पॅक्टा संट सर्वंडा, दिलेला शब्द पाळायचा, तहांविषयीच्या व्हिएन्ना कराराचं कलम २६. जस कोजेन्स, कुठल्याही तहाने ओलांडता न येणारा नियम, त्याच कराराचं कलम ५३. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती संज्ञा अजून कळलेली नाही असं समजा.

विचार मराठीत करा आणि उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर छोटी वाक्यं लिहा. जड इंग्रजीला जास्त गुण मिळतात ही अफवा आहे.

भारतातला दुवा

हा भाग चटकन आटपतो, पण सोडू नका, कारण यावर प्रश्न येतोच. तह केला म्हणजे तो आपोआप देशातला कायदा होत नाही. संसदेला राज्यघटनेच्या कलम २५३ अन्वये तो राबवणारा कायदा करता येतो. राज्यघटनेचंच कलम ५१ (सनदेचं नव्हे) आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करायला सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. न्यायालयांनी मधला रस्ता काढला: देशातल्या कायद्याशी विसंगत नसेल तर आंतरराष्ट्रीय नियम वाचून घ्यायचा. १९९७चा विशाखा निकाल हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, जिथे महिलांविरुद्धच्या भेदभावाविरोधी कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या गेल्या. प्रदेशाच्या बाबतीत दोन निकाल जोडीने लक्षात ठेवा. बेरुबाडी, १९६०: भारताचा भाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. मगनभाई पटेल, १९६९: कच्छच्या रणातली वादग्रस्त सीमा लवादाने आखून दिली, तर ते प्रदेश देणं नव्हे, घटनादुरुस्तीची गरज नाही.

परीक्षेचं उत्तर

समस्याप्रधान प्रश्नात 'अ' देशाने 'ब' देशाचं जहाज अडवलं असं काहीतरी असतं. लगेच बाजू घेऊ नका. आधी दोन्ही देश कोणकोणत्या तहांचे पक्षकार आहेत ते प्रश्नातच शोधा, परीक्षकाने ते मुद्दाम एका निरुपद्रवी वाक्यात दडवलेलं असतं. तह नसेल तर रूढी. मग अपवाद. मग जबाबदारी आणि उपाय. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालाचा दाखला देताना स्टॅट्यूटचं कलम ५९ विसरू नका: निकाल फक्त त्या पक्षकारांना बांधतो, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखा सगळ्यांना नाही. म्हणून 'न्यायालयाने ठरवलेल्या कायद्यानुसार' असं न लिहिता 'न्यायालयाने जी रूढी मान्य केली तिच्यानुसार' असं लिहावं.

वाचनासाठी न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकालांचा सारांश असतो. पूर्ण निकालाआधी तो वाचण्यात काही कमीपणा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयात या विषयावरची व्याख्यानं मोफत आहेत, नामवंत न्यायाधीशांचीही. आणि कॉलेजात जेसप मूटचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेचा, संघ असेल तर पहिल्या वर्षी नुसतं त्यांचं संशोधनाचं काम करायला जा. वक्तृत्व नसलं तरी चालतं, तळटीपा तपासताना जे कळतं ते तासाला कळत नाही.

शेवटचा सराव: गोवा

बळाचा वापर हा अभ्यासक्रमातला सगळ्यात गाजणारा भाग, आणि टीव्हीवरच्या चर्चांनी सगळ्यात बिघडवलेला. सनदेचं कलम २(४) बळाचा वापर मना करतं, कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क राखतं, आणि १९८६चा निकाराग्वा निकाल हे दोन्ही रूढीतही आहेत असं सांगतो. कलमं इतकी छोटी, की त्यावर बोलणं सोपं वाटतं. म्हणून हा सराव करा.

डिसेंबर १९६१. १८ तारखेला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, १९ला पोर्तुगीज राजवट संपली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव आला. सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४च्या करारात.

दोन कागद घ्या. एकावर भारताची बाजू: वसाहतवाद हेच मुळात चालू असलेलं आक्रमण आहे, हा युक्तिवाद, १४ डिसेंबर १९६०चा आमसभेचा १५१४ क्रमांकाचा वसाहतमुक्तीचा ठराव, गोव्याला स्वयंशासन नसलेला प्रदेश ठरवणारा त्यानंतरच्या दिवसाचा १५४२. दुसऱ्यावर पोर्तुगालची बाजू: कलम २(४) मध्ये वसाहतींचा अपवाद कुठे लिहिला आहे? सशस्त्र हल्ला कुणी केला होता? आमसभेचे ठराव बंधनकारक असतात का? प्रत्येक वाक्याच्या समासात आधार लिहा. दुसरा कागद लिहिताना हात अडखळेल, पहिला आपोआप लांबेल. लांबी सारखी करा.

मग दोन्ही कागद वर्गातल्या अशा कुणालातरी द्या ज्याला हा विषय येतो, आणि विचारा, यातली माझी खरी बाजू कोणती? त्याने लगेच ओळखलं, तर पोर्तुगालचा कागद पुन्हा लिहायला घ्या.